चाळीस पिंपांचा खटला

अमेरिकेंतील न्यायालयांच्या दफ्तरांत कधीं कधीं आरोपीच्या जागीं माणसाचें नांव नसून वस्तूचें नांव आढळतें. एखादा खाद्यपदार्थ कायद्याविरुद्ध आहे असें सरकारला वाटलें, म्हणजे तो मालच जप्त करावयाचा आणि त्या मालावरच खटला भरावयाचा, अशी तेथील एक जुनी रीति आहे. "संयुक्त संस्थानें विरुद्ध कोका-कोलाचीं चाळीस पिंपें व वीस लहान पिंपें" हा खटला या रीतीचा मासला होय. नांव वाचून हंसूं येतें. परंतु चहा-कॉफींतील कॅफीन या सत्त्वाचा माणसाच्या बुद्धीवर, हातांवर आणि झोंपेवर काय परिणाम होतो, याची पहिली मोठी व काटेकोर मोजदाद झाली ती कोणा विद्यापीठाच्या जिज्ञासेमुळें नव्हे, तर या पिंपांच्या बचावासाठीं. आणि ज्या प्रश्नावरून खटला उभा राहिला, त्या प्रश्नाचें उत्तर मात्र त्या मोजदादींतूनहि मिळालें नाहीं आणि न्यायालयाकडूनहि मिळालें नाहीं.

ऑक्टोबर १९०९ मध्यें जॉर्जिया संस्थानांतील अटलांटा शहराहून टेनेसी संस्थानांतील चॅटनूगा येथें पाकानें भरलेलीं हीं पिंपें रवाना झालीं. एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत माल गेला कीं तो मध्यवर्ती सरकारच्या कायद्याखालीं येतो. त्याच आधारावर सरकारी अधिकाऱ्यांनीं तो ताब्यांत घेतला. आरोप दोन होते. पहिला असा कीं, मालाचें नांवच फसवें आहे. नांवांत कोका आणि कोला असून पाकांत कोका मुळींच नाहीं आणि कोला असलाच तर नाममात्र. दुसरा आरोप अधिक गंभीर होता. पाकांत प्रकृतीला अपाय करणारा एक जिन्नस बाहेरून मिसळला आहे, असें सरकारचें म्हणणें होतें. हा जिन्नस म्हणजे कॅफीन. सोड्याच्या पाण्यांत पाक मिसळून तयार केलेल्या प्रत्येक पेल्यांत तें सुमारें १.२ ग्रेन, म्हणजे आजच्या मापानें ७८ मिलिग्रॅमच्या आसपास असे. तुलनेसाठीं सांगावयाचें तर गाळलेल्या कॉफीच्या एका पेल्यांत सुमारें ९० आणि चहाच्या पेल्यांत सुमारें ५० मिलिग्रॅम कॅफीन असतें.

या सत्त्वाची रसायनशास्त्राला ओळख झाली त्या गोष्टीला तेव्हां नव्वद वर्षें होऊन गेलीं होतीं. जर्मनींतील येना येथें १८१९ सालीं फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे नांवाचा एक तरुण रसायनज्ञ महाकवि गटे याच्या भेटीस गेला. बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या अर्कानें डोळ्याची बाहुली कशी विस्तारते, हें त्यानें बरोबर नेलेल्या मांजरावर करून दाखविलें. गटेची बुद्धि काव्यापुरती मर्यादित नव्हती; सृष्टिशास्त्राचा त्याला मोठा नाद होता. त्यानें खूष होऊन रुंगेला कॉफीचे कांहीं बुंद दिले आणि यांत काय आहे तें पाहा, असें सुचविलें. रुंगेनें त्या बुंदांतून पांढरें, स्फटिकरूप, कडवट असें द्रव्य वेगळें केलें. पुढें १८२७ मध्यें चहांतहि असेंच एक द्रव्य सांपडलें आणि त्यास थेईन असें निराळें नांव देण्यांत आलें. परंतु १८३८ मध्यें हीं दोन्ही द्रव्यें एकच होत असें सिद्ध झालें. चहा श्रेष्ठ कीं कॉफी श्रेष्ठ, या वादांत पडणारांना ही गोष्ट ठाऊक असती तर पुष्कळ श्रम वांचले असते. १८९५ मध्यें एमिल फिशर यानें प्रयोगशाळेंत हें द्रव्य कृत्रिम रीतीनें तयार केलें, आणि लवकरच त्याची अणुरचनाहि निश्चित झाली.

अशा रीतीनें त्या द्रव्याचा अणु न् अणु ठाऊक झाला, पण तें पोटांत गेल्यावर माणसाचें काय करतें, याविषयीं मात्र मतांचाच बाजार होता. १५११ मध्यें मक्केचा अधिकारी खैर बेग यानें धर्मशास्त्री आणि वैद्य यांची सभा भरवून कॉफीवर बंदी घातली. कैरोच्या सुलतानानें ती उठविली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजानें १६७५ च्या डिसेंबरअखेर कॉफीगृहें बंद करण्याचा जाहीरनामा काढला आणि लोकक्षोभ पाहून दहा-अकरा दिवसांत तो मागें घेतला. त्याला भीति कॉफीची नव्हती, कॉफी पीत पीत लोक जें बोलत त्याची होती. वैद्यांपैकीं कोणी म्हणत, या पेयानें मेंदू तल्लख होतो; कोणी म्हणत, मज्जातंतु झिजतात. दोघांपाशींहि पुरावा एकाच जातीचा असे : अमुक गृहस्थ आणि त्याची हकीकत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोवैद्यानें औषधी द्रव्यांचा साध्या मानसिक व्यापारांवर होणारा परिणाम घड्याळ लावून मोजण्यास आरंभ केला. त्याचा ग्रंथ १८९२ मध्यें निघाला. केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यानें त्याच्या पुढें एक पाऊल टाकलें. आपण कॅफीन घेतलें आहे हें नुसतें माहीत असण्यानेंहि माणसास हुरूप येतो, हें ओळखून त्यानें चवीनें न ओळखतां येईल असें निराळें मिश्रण आलटून पालटून देण्याची युक्ति काढली. परंतु त्याचे प्रयोग अगदीं मोजक्या माणसांवर झाले होते, आणि त्यांत तो स्वतःहि एक होता.

खटल्याची प्रेरणा ज्याची होती तो हार्वे वाइली हा सामान्य सरकारी नोकर नव्हे. १८४४ मध्यें जन्मलेला हा रसायनज्ञ शेतकी खात्याचा मुख्य रसायनशास्त्रज्ञ होता. अमेरिकेंतील अन्नपदार्थांत त्या काळीं काय काय मिसळलें जाई, याच्या कथा अंगावर शहारे आणणाऱ्या आहेत. १९०२ मध्यें वाइलीनें आपल्या खात्यांतील धट्टेकट्टे तरुण निवडले, त्यांना एकत्र जेवूं घातलें आणि त्यांच्या अन्नांतून टाकणखारासारखीं टिकाऊपणासाठीं वापरलीं जाणारीं द्रव्यें देऊन त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेविली. वर्तमानपत्रांनीं त्या मंडळीला "विषपथक" हें नांव दिलें. ३० जून १९०६ रोजीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सहीनें शुद्ध अन्न व औषधि कायदा झाला, त्याचें पुष्कळसें श्रेय वाइलीचें. अशा माणसानें कॅफीनवर शस्त्र धरलें तेव्हां प्रतिपक्षानें साहजिकच विचारलें, मग चहा-कॉफीचें काय? वाइलीचें उत्तर विचार करण्याजोगें होतें. चहांत आणि कॉफींत कॅफीन निसर्गतः असतें, घेणाऱ्यास तें ठाऊक असतें, आणि आईबाप आपल्या लहान मुलांना कॉफी देत नाहींत. येथें तेंच द्रव्य गोड, थंड, फेसाळ पेयांत लपवून विकलें जातें आणि शाळकरी मूल पांच सेंटचें नाणें टाकून तें पितें. त्याला कोणी सांगत नाहीं, त्याच्या आईलाहि कोणी सांगत नाहीं. वाइलीच्या आक्षेपाचें मर्म या मुलांत होतें, ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना विसरूं नये.

खटल्याची तारीख जवळ येऊं लागली तेव्हां कंपनीच्या वकिलांना एक उणीव जाणवली. कॅफीनच्या शरीरावरील परिणामासंबंधानें साक्ष देणारे तज्ज्ञ त्यांच्यापाशीं होते. परंतु माणसाची विचारशक्ति, चपळाई, लक्ष यांवर काय घडतें, याविषयीं बोलण्यास कोणी नव्हतें. कोलंबिया विद्यापीठांतील जेम्स मकीन कॅटेल यांस विचारण्यांत आलें. त्यांनीं नकार दिला. इतर ज्येष्ठांनींहि अंग काढून घेतलें. पैसा देणारी कंपनी, तिच्यावरच खटला, आणि निष्कर्ष तिला हवा तसा निघाला तर विद्वान् विकला गेला असें जग म्हणणार! अखेर हें काम हॅरी हॉलिंगवर्थ या तीस वर्षांच्या अध्यापकाकडे आलें. नेब्रास्कांतील एका लहान गांवांतून आलेला हा तरुण बार्नार्ड कॉलेजांत मानसशास्त्र शिकवीत असे. त्याची पत्नी लेटा ही स्वतः शिक्षिका. परंतु न्यूयॉर्क शहराच्या शाळांत त्या काळीं विवाहित स्त्रियांना शिक्षिका म्हणून घेत नसत, त्यामुळें तिला घरीं बसावें लागलें होतें. तिला पुढें शिकावयाचें होतें आणि शिकावयास पैसा नव्हता. हॉलिंगवर्थनें पैशाची गरज होती हें पुढें कधीं लपविलें नाहीं. काम घेतांना त्यानें अटी मात्र घातल्या : निष्कर्ष कंपनीस अनुकूल निघोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध करण्याचा अधिकार त्याचा राहील, आणि जाहिरातींत त्याचें किंवा विद्यापीठाचें नांव कंपनीनें वापरतां कामा नये. कंपनीनें अटी मान्य केल्या.

एवढ्या अटींनीं संशय जात नाहीं, हें त्यालाहि कळत होतें. म्हणून त्यानें प्रयोगाची बांधणीच अशी केली कीं, प्रयोग करणाऱ्याच्या मनांत पक्षपात असला तरी त्याला शिरकाव करण्यास फट राहूं नये. फेब्रुवारी १९११ मध्यें, खटला अगदीं तोंडावर आला असतां, मॅनहॅटनमध्यें सहा खोल्यांची एक जागा भाड्यानें घेऊन तेथें प्रयोगशाळा थाटण्यांत आली. दहा पुरुष आणि सहा स्त्रिया असे सोळा जण पगार देऊन ठरविण्यांत आले. त्यांचीं वयें १९ ते ३९. प्रयोग चाळीस दिवस चालला. त्या काळांत बाहेर चहा-कॉफी घ्यावयाची नाहीं असें बंधन होतें. कॅफीन कॅप्सूलमध्यें भरून दिलें जाई. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कॅप्सूलमध्यें नुसती दुग्धशर्करा असे. पहिला आठवडाभर सर्वांना साखरच मिळाली, म्हणजे प्रत्येकाची स्वाभाविक गति कळावी. पुढें कोणाला कोणत्या दिवशीं काय मिळालें, हें घेणाऱ्यालाहि ठाऊक नसे आणि त्याची परीक्षा घेणाऱ्यालाहि ठाऊक नसे. मात्रा एक ग्रेनपासून सहा ग्रेनपर्यंत, म्हणजे ६५ पासून ३९० मिलिग्रॅमपर्यंत. नंतर कांहीं दिवस हेंच सत्त्व कॅप्सूलऐवजीं सोड्याच्या पेयांतून देऊनहि पाहिलें. दोन्ही बाजूंचे डोळे बांधून प्रयोग करण्याची ही रीति आज औषधांच्या चांचणींत सर्वत्र रूढ झालेली आहे. १९११ मध्यें ती इतक्या सांगोपांग रीतीनें आचरणांत आणणारे फार थोडे होते. दिवसानुदिवसाची देखरेख लेटा हॉलिंगवर्थ हिच्याकडे होती.

परीक्षा तरी किती! धातूच्या पट्टीवर ठराविक वेळांत किती वेळां ठोके मारतां येतात. बारीक छिद्रांत सळई धरली असतां ती कडेला किती वेळां लागते. रंगांच्या ठिपक्यांचीं नांवें किती झपाट्यानें सांगतां येतात. शब्द सांगितला कीं त्याचा विरुद्धार्थी शब्द सुचावयास किती क्षण लागतात. बेरजा, अंकांच्या रांगेंतून ठराविक अंक खोडणें, टंकलेखन. दिवसांतून अनेकदां ही फेरी चाले. सुमारें ६४,००० मापें जमा झालीं. त्यांची गणितें करण्यास यंत्रें नव्हतीं आणि दिवसहि थोडे उरले होते. तरी तीं पुरीं झालीं.

निष्कर्ष कोणत्याहि पक्षाच्या भाषणांत सहज बसण्यासारखे नव्हते. ठोक्यांची गति कॅफीननें वाढली. रंग ओळखणें, विरुद्धार्थी शब्द सांगणें, बेरजा करणें यांतहि चपळाई आली, आणि ती कित्येक तास टिकली. जोम ओसरल्यावर मनुष्य पूर्वींपेक्षांहि मंद होतो, असा जो समज होता त्याला या मापांत आधार सांपडला नाहीं. टंकलेखनाची गति लहान मात्रेनें वाढली, मोठ्या मात्रेनें मंदावली. चुकांत मात्र वाढ झाली नाहीं. हाताचा स्थिरपणा ही निराळी गोष्ट. लहान मात्रेंत त्यावर विशेष परिणाम दिसला नाहीं, परंतु मात्रा मोठी झाली कीं कांहीं तासांनीं हात कांपूं लागे. झोंपेचें असें दिसलें कीं, थोड्या मात्रेनें बहुतेकांची झोंप बिघडली नाहीं. सहा ग्रेननें मात्र बहुतेकांची बिघडली. आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे, तिच्याकडे न्यायालयांत कोणाचें फारसें लक्ष गेलें नसावें : ज्यांचें वजन कमी त्यांच्यावर परिणाम अधिक, आणि रिकाम्या पोटीं घेतलें तरी परिणाम अधिक.

चॅटनूगा येथें मार्च १९११ मध्यें न्यायाधीश एडवर्ड टेरी सॅनफर्ड यांच्यापुढें खटला चालला. सरकारी तज्ज्ञांच्या पुराव्यांत प्राण्यांवरील प्रयोग आणि वैद्यकीय अनुमानें यांचाच भरणा होता. त्यामानानें हॉलिंगवर्थची साक्ष आंकड्यांनीं भरलेली आणि संयमी होती. गंमत अशी कीं, एवढा खटाटोप करून जमविलेल्या त्या ६४,००० मापांचा निकालाशीं संबंधच आला नाहीं. कॅफीन अपायकारक आहे कीं नाहीं या प्रश्नाला हात न लावतांच न्यायाधीशानें ज्यूरीस कंपनीच्या बाजूनें निर्णय देण्याचा आदेश दिला. त्याचें म्हणणें असें कीं, कॅफीन हा त्या पेयाच्या मूळ कृतींतलाच भाग आहे. जो जिन्नस कृतींतलाच तो "मिसळलेला" कसा म्हणावा? आणि मिसळलेला नाहीं, तर कायद्याचें कलम लागू होत नाहीं. शब्दावर बोट ठेवून विज्ञानाची अशी सुटका करण्यांत आली.

हॉलिंगवर्थचा ग्रंथ ठरल्याप्रमाणें १९१२ मध्यें प्रसिद्ध झाला. मिळालेल्या पैशांतून लेटाचें शिक्षण सुरू झालें. आणि कॅफीनच्या वेळीं वापरलेल्या ठोक्यांच्या, स्थिरपणाच्या, रंगांच्या परीक्षाच तिनें पुढें स्वतःच्या संशोधनास लावल्या. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांची बुद्धि व कार्यशक्ति मंदावते, हें मत त्या काळच्या विद्वानांत सिद्धांतासारखें प्रचलित होतें. १९१४ मध्यें तिनें मोजून दाखविलें कीं तसें कांहीं घडत नाहीं. कोका-कोलाच्या पैशाचा याहून चांगला उपयोग झाला असता असें वाटत नाहीं.

सरकारनें मात्र हार मानली नव्हती. वाइली १९१२ मध्यें नोकरींतून बाहेर पडला, पण अपील चालू राहिलें. २२ मे १९१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सॅनफर्ड यांचा निर्णय फिरविला. न्यायमूर्ति चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनीं लिहिलेल्या निकालांतील युक्तिवाद सरळ आहे : कृतींत लिहिला म्हणून जिन्नस मिसळलेला नव्हे असें म्हणूं लागलों, तर कोणाहि कारखानदारानें आपल्या कृतींत वाटेल तें विष लिहून ठेवावें आणि कायद्यांतून सुटावें! कॅफीन मिसळलेलें आहे. तें अपायकारक आहे कीं नाहीं, हें ज्यूरीनें पुरावा ऐकून ठरवावें, असें सांगून प्रकरण खालीं पाठविण्यांत आलें. निकाल लिहून तीन आठवडे होण्यापूर्वींच ह्यूज यांनीं राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठीं न्यायासन सोडलें. आणि ज्यांचा निर्णय फिरविला गेला ते सॅनफर्ड १९२३ मध्यें त्याच सर्वोच्च न्यायालयावर न्यायमूर्ति म्हणून गेले. पण ती ज्यूरी कधीं बसलीच नाहीं. १९१७ मध्यें कंपनीनें तडजोड केली, खर्च भरला आणि पेयांतील कॅफीन सुमारें निम्म्यावर आणलें. अपराध शाबीत झाला नाहीं, निर्दोषताहि शाबीत झाली नाहीं, पिंपें सुटलीं. बारा वर्षांखालील मूल तें पेय पितांना जाहिरातींत दाखवावयाचें नाहीं, असा रिवाज कंपनीनें पुढें दीर्घ काळ पाळला, यावरून वाइलीचा बाण अगदींच वायां गेला नाहीं एवढें दिसतें.

हॉलिंगवर्थनें काय घडतें तें मोजलें. कां घडतें हें कळावयास आणखी साठ-सत्तर वर्षें जावीं लागलीं. जागृतावस्थेंत मेंदूंत ॲडेनोसीन नांवाचें द्रव्य सांचत जातें. मज्जापेशींवर त्याच्यासाठीं ठराविक जागा असतात; तेथें तें जाऊन बसलें कीं पेशींचें काम मंदावतें आणि माणसास थकवा व झोंप वाटूं लागते. कॅफीनची घडण ॲडेनोसीनशीं इतकी मिळतीजुळती आहे कीं, तें त्याच जागा बळकावतें. परंतु तेथें बसून स्वतः कांहीं करीत नाहीं. किल्ली कुलुपांत जाते पण फिरत नाहीं, आणि खरी किल्ली बाहेर तिष्ठत राहते. १९७० च्या सुमारास मेंदूच्या कापांवर झालेल्या प्रयोगांतून याची चाहूल लागली आणि १९८१ मध्यें सॉलोमन स्नायडर व त्याचे सहकारी यांनीं उत्तेजनाचा आणि या जागा अडविण्याचा संबंध दाखवून दिला. म्हणजे चहाच्या पेल्यानें शक्ति येते, हें म्हणणें खरें नव्हे. थकवा असतो तेथेंच असतो; त्याची वर्दी मेंदूस पोंचत नाहीं एवढेंच. पोटांत गेलेल्या कॅफीनपैकीं निम्में शरीराबाहेर पडण्यास प्रौढ माणसांत साधारणतः पांच तास लागतात. धूम्रपान करणाऱ्यांत कमी, गरोदर स्त्रियांत पुष्कळच अधिक.

या ज्ञानाच्या उजेडांत १९११ च्या प्रयोगांतील दोन उणिवा दिसतात, आणि त्या प्रामाणिकपणाच्या उणिवा नव्हेत. झोंप कशी लागली हें हॉलिंगवर्थनें झोंपणाऱ्यालाच विचारलें होतें. ठोके यंत्रानें मोजले, झोंप मात्र साक्षीवर सोडली. १९११ मध्यें दुसरें साधन तरी काय होतें! पण २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत ४०० मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे हॉलिंगवर्थच्या सहा ग्रेनइतकीच मात्रा, निजण्यापूर्वीं सहा तास देऊन यंत्रानें झोंप मोजली, तेव्हां ती तासाभराहून अधिक घटलेली आढळली. झोंपणारांच्या स्वतःच्या रोजनिशींत मात्र ही घट नीट उमटली नव्हती. दुसरी उणीव संवयीची. रोज कॅफीन घेणाऱ्याच्या मेंदूंत ॲडेनोसीनच्या जागांची सोय शरीर हळूहळू बदलून घेतें. मग कॅफीन एकाएकीं बंद केलें तर बारा ते चोवीस तासांत डोकें दुखूं लागतें, मरगळ येते, चित्त लागत नाहीं. सकाळच्या पहिल्या घोटानें जी तरतरी वाटते, तींत खरी बुद्धिवृद्धि किती आणि रात्रभराच्या उपासाची भरपाई किती, हा वाद संशोधकांत अद्याप मिटलेला नाहीं.

तिसरी गोष्ट मात्र उणीव म्हणतां येणार नाहीं. ती प्रश्नाच्या निवडीची आहे. सोळा जणांत एकोणीस वर्षांखालील एकहि नव्हता. लहान मुलांवर असा प्रयोग करणें योग्यहि झालें नसतें. पण त्यामुळें असें झालें कीं, वाइलीनें विचारलें मुलांविषयीं आणि उत्तर आलें प्रौढांविषयीं. कंपनीनें खोटें उत्तर मागितलें नाहीं, हॉलिंगवर्थनें दिलेंहि नाहीं. तरी खरें उत्तर खऱ्या प्रश्नाच्या बाजूनें निघून गेलें. कमी वजनाच्या माणसावर परिणाम अधिक होतो, हें त्याच्याच कोष्टकांत लिहिलेलें होतें आणि तीस किलो वजनाच्या मुलाशीं त्याचा संबंध जोडण्यास मानसशास्त्रज्ञ असण्याचीहि गरज नव्हती. कॅफीन मुलांना नेहमींच घातक असें मात्र यावरून समजूं नये. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा श्वास मधूनमधून थांबतो, तेव्हां डॉक्टर मोजून हेंच द्रव्य देतात आणि तें उपयोगी पडतें. प्रश्न मात्रेचा आहे, आणि ती कोण मोजतो याचा आहे.

प्रौढांपुरती मात्रा आज बरीचशी ठरलेली आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ मध्यें निरोगी प्रौढास दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रीस २०० पर्यंत कॅफीन चिंतेचें कारण नाहीं असें मत दिलें. भारतांत अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणें कॅफीनयुक्त पेयांच्या वेष्टनावर तसें ठळक लिहावें लागतें, आणि तें मुलांनीं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनीं घेऊं नये असेंहि छापावें लागतें. जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्राच्या विधान परिषदेंत संबंधित मंत्र्यांनीं, शाळांपासून ५०० मीटरच्या आंत अधिक कॅफीनचीं उत्तेजक पेयें विकण्यास बंदी करण्यांत येईल असें जाहीर केलें. अशा पेयांत लिटरमागें ३०० मिलिग्रॅम ही कॅफीनची कमाल मर्यादा आहे. म्हणजे पाव लिटरच्या एका डब्यांत ७५ मिलिग्रॅम. चॅटनूगा येथें जप्त झालेल्या पाकाच्या एका पेल्यांत सुमारें ७८ होतें.